नोंद नाही, म्हणजे पाखरू नाही?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वन्यप्राण्यांच्या आढळाचे नकाशे कसे तयार होतात याबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पहिलं पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांपासून सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन गावच्या गायरानावर आणि पाझर तलावावर पक्षी बघायला जाते. आमच्या वहीत 91 जाती झाल्या आहेत. गायरानावर आता सौर प्रकल्प येणार आहे. त्याच्या कागदपत्रांत "या क्षेत्रात उल्लेखनीय पक्षी नाहीत" असं लिहिलंय आणि इंटरनेटवरच्या नोंदींचा नकाशा जोडलाय. त्यात आमचा भाग जवळपास कोरा आहे. मुलं विचारतात, बाई, मग आपण बघतो ते काय? त्यांना काय सांगू? (एक शिक्षिका)

बाई, मुलांना आधी हे सांगा की त्यांनी बघितलेलं खरं आहे. तो नकाशाही खोटा नाही. त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा आहे, आणि ही चूक कागदोपत्री वारंवार होते म्हणून मला तिचा राग येतो.

इंटरनेटवरच्या त्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस तिथे गेला, त्याने पाखरू पाहिलं, ओळखलं आणि फोनवर टाकलं. चारातलं एक जरी घडलं नाही तरी ठिपका नाही. पुण्याभोवती ठिपक्यांची दाटी आहे, कारण तिथे दुर्बिणी आहेत, गाड्या आहेत, रविवारची सुट्टी आहे आणि भिगवण दोन तासांवर आहे. तुमच्या तालुक्यात पक्षी बघणारा माणूस कोण? तुम्ही आणि तुमची मुलं. आणि तुमच्या नोंदी वहीत आहेत. म्हणजे तुमचा भाग कोरा दिसतो तो माणसं आली नाहीत म्हणून. शास्त्रात याला नमुना-निवडीतला कल म्हणतात: जिथून माहिती गोळा झाली त्या जागा सगळ्या मुलखाच्या वतीने बोलायला लागतात.

मी स्वतः या चुकीत पुरती सापडले होते, ते सांगते.

कामाला लागून दोन वर्षं झाली होती. मलबारी चापडा या सापाचा सह्याद्रीतला नकाशा करायचा होता. चापडा पावसाळ्यात, रात्री, ओढ्याकाठच्या खडकावर किंवा कमरेइतक्या झुडपावर बसलेला दिसतो. हिरवा, पिवळा, तपकिरी अशा रंगांचा असतो. मी मिळतील तेवढ्या नोंदी गोळा केल्या, पाऊस, उंची, झाडोरा, रस्त्यापासूनचं अंतर असे थर संगणकात घातले आणि नकाशा काढला. फार देखणा आला. आंबोली, फोंडा, गगनबावडा, आंबा, कुंभार्ली या पाचही घाटांवर लाल पट्टे, मधला सगळा भाग फिका. संगणकाने हेही सांगितलं की रस्ता जितका जवळ तितका चापडा मिळण्याचा संभव जास्त. मी त्याला कारणही शोधून काढलं: रस्त्याकडेला उजेड, उजेडाला किडे, किड्यांना बेडूक, बेडकांना साप.

हा नकाशा घेऊन मी आंबोलीला गेले. आमच्याबरोबर रात्री फिरायला एक मामा असायचे. त्यांना जंगल पायाखालचं. चहाच्या टपरीवर मी नकाशा उलगडला. त्यांनी बोटाने लाल पट्ट्यावरून वरून खाली रेघ ओढली आणि म्हणाले, "ताई, हा एस.टी.चा रस्ता आहे. सापाचं कुठे दिसत नाही यात."

मला तिथल्या तिथे कळलं. साप बघणारे लोक घाटात हॉटेलात उतरतात, जेवून नऊला बॅटरी घेऊन निघतात, डांबरीवरून तास-दोन तास चालतात आणि परत येतात. मी चापड्याचा नकाशा म्हणून त्या बॅटऱ्यांचा नकाशा काढला होता.

मग आम्ही दुसऱ्या पद्धतीने काम केलं. नकाशावर दोन-दोन किलोमीटरच्या चौकटी आखल्या, चौकटींचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहिले, स्टीलच्या डब्यात घातले आणि मामांच्या नातीला चिठ्ठ्या काढायला लावल्या. तिने काढलेली तिसरीच चिठ्ठी अशा जागेची निघाली जिथे आम्ही आपणहून कधीच गेलो नसतो. डांबरी संपल्यावर दीड तास पायवाट, मग सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, मग एक अरुंद ओढा. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री काही नाही. पायमोजे जळवांनी भरलेले. पावसात शाईचं पेन चालत नाही म्हणून पेन्सिलने लिहायचं. फॉर्मवर तारीख, सुरू 9.10, संपलं 11.40, माणसं तीन, आणि चापड्याच्या रकान्यात शून्य. तो शून्य लिहिताना मला वाटलं होतं, रात्र फुकट गेली. तिसऱ्या रात्री ओढ्याच्या वळणावर कारवीच्या फांदीला वेटोळं घालून बसलेला एक दिसला. अंगावरून पाणी ओघळत होतं आणि तो हलला नाही. आधीचे दोन शून्य लिहिलेले असल्यामुळेच त्या एका चापड्याला अर्थ होता: या जागी तो आहे, आणि तीनदा गेलं तर एकदा दिसतो.

आता तुमच्या गायरानाकडे येते. वहीत 91 जातींची यादी आहे हे मोठं धन आहे, पण अशा यादीला समोरचा माणूस विचारणार: किती वेळा गेलात? किती चाललात? जे दिसलं ते सगळं लिहिलंत की ठळक तेवढं? म्हणून या महिन्यापासून वहीची पद्धत बदला. गायरानावर ठराविक वाट नक्की करा, एखादा किलोमीटर पुरे. प्रत्येक फेरीला सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, अंतर, माणसं किती, हे आधी लिहा. मग दिसलेली आणि ऐकलेली ओळखू आलेली प्रत्येक जात, संख्येसह. कावळा, साळुंकी, होला यांनाही वगळू नका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरताना शेवटी विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का. तिथे खरेपणाने "हो" म्हणता आलं पाहिजे. पूर्ण यादी असली की त्यात न लिहिलेल्या पाखराबद्दलही काही म्हणता येतं. अर्धवट यादीत ते येत नाही.

दुसरं, फक्त पाझर तलावावर जाऊ नका. मुलांना तलाव आवडणार, तिथे बगळे आहेत, खंड्या आहे. पण प्रकल्प येतोय तो माळावर. धाविक, पखुर्डी, चंडोल, माळटिटवी ही मंडळी तिथली. गायरानाचा नकाशा वर्गात फळ्यावर काढा, चौकटी आखा, मुलांकडून चिठ्ठ्या उचलून घ्या. जी चौकट येईल तिथे जायचं, कंटाळवाणी असली तरी.

आणि किती वेळा जायचं? याला साधं गणित आहे, आठवीच्या मुलांना जमेल. धाविक मातीच्या रंगाचा, असूनही नजरेतून सुटतो. समजा तो तिथे आहे आणि एका फेरीत दिसण्याची शक्यता दहात तीन आहे. म्हणजे न दिसण्याची दहात सात. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता 0.7 × 0.7 × 0.7, म्हणजे सुमारे 34 टक्के. पाच फेऱ्यांना ती 17 टक्क्यांच्या आसपास येते, आठ फेऱ्यांना 6 टक्क्यांच्या खाली. एकदा जीपमधून उतरून माळाकडे बघून "उल्लेखनीय पक्षी नाहीत" असं लिहिणाऱ्याला तुमच्या मुलांनी हे गणित फळ्यावर करून दाखवावं.

हरकत नोंदवताना अर्जात "कोरा नकाशा हा अभावाचा पुरावा नाही, या जागी किती वेळा, कोणत्या महिन्यांत, किती तास पाहणी झाली ते द्यावं" एवढंच मागा, आणि सोबत तुमच्या फेऱ्यांच्या तारखा जोडा. पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या दोन्ही असू द्या. वही जपून ठेवा. जुन्या तीन वर्षांच्या पानांवर तारखा असतील तर तीही कामाची आहेत, टाकून देऊ नका.

प्रश्न : मी वनरक्षक आहे. वाघांच्या गणनेच्या वेळी आम्ही बीटमध्ये वाटेवरून चालत खुणा शोधतो आणि कॅमेरे गाडीरस्त्यावर लावतो. हे पण तुम्ही म्हणता तसं एकाच बाजूला झुकलेलं नाही का? (विदर्भ)

चांगलं बोट ठेवलंत, भाऊ. उत्तर असं की तो कॅमेरा ज्या कामाला लावलाय त्या कामासाठी जागा बरोबर आहे. वाघ, बिबट्या मऊ धुळीच्या वाटेने चालतात. अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखायचा, तर दोन्ही कुशींचे फोटो मिळतील अशाच जागी कॅमेरे हवेत. रस्त्यावर वाघ जास्त मिळतो हे मोजणाऱ्यांना माहीत असतं आणि हिशोबात ते धरलेलं असतं.

घोटाळा नंतर होतो. त्याच कॅमेऱ्यांत चौशिंगा थोडा दिसतो म्हणून कोणी चौशिंग्याचा नकाशा काढतो आणि "या भागात चौशिंगा विरळ" असं ठोकून देतो. चौशिंगा बुजरा, झुडपात दबून राहणारा. त्याच्यासाठी वेगळी आखलेली रेघ चालायला हवी, रस्ता सोडून. तुमच्या गस्तीच्या नोंदींना एक गोष्ट जोडता आली तर बघा: ज्या दिवशी ज्या वाटेने गेलात आणि काहीच मिळालं नाही, त्या दिवसाचीही चाल ॲपमध्ये सुरू करून बंद करा. रिकाम्या फेऱ्या नोंदवल्या नाहीत तर वर बसलेल्याला वाटतं की तुम्ही गेलाच नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. करतोय, प्रकल्पाला राखी धनेश घेतलाय. आढळाचे नकाशे काढायचं मॅक्सेन्ट हे सॉफ्टवेअर वापरतोय. माझ्याकडे 600 च्या वर नोंदी आहेत, पण निम्म्याहून जास्त पुण्यातल्या. सर म्हणतात प्रत्येक चौकटीतली एकच नोंद ठेव, बाकीच्या काढून टाक. तेवढ्याने काम होईल का? मॉडेलचा स्कोअर 1 पैकी 0.94 आहे. (कोल्हापूर)

0.94 पाहून आधी खूश होऊ नकोस. मॅक्सेन्ट 2004 पासून लोकांच्या हातात आहे आणि त्याच्याइतकं सोपं साधन मिळणं कठीण, म्हणूनच त्याच्या हातून चुकाही सोप्या होतात. तू काही सांगितलं नाहीस तर ते पार्श्वभूमी म्हणून सगळ्या मुलखातून 10,000 ठिपके आपल्या मनाने उचलतं आणि तुझ्या नोंदींची त्यांच्याशी तुलना करतं. तुझे धनेश शहरात, त्याचे ठिपके माळावर, डोंगरात, उसात. दोन्ही वेगळे ओळखणं त्याला अगदी सोपं जातं, म्हणून स्कोअर चढतो. त्याने ओळखलं काय, तर पुणं.

सरांचं म्हणणं चुकीचं नाही. एकाच वडाखाली पन्नास जणांनी पाहिलेला तोच धनेश पन्नास वेळा मोजायचा नाही, हे बरोबर. विरळणी करच. पण धनेशाच्या बाबतीत पेच वेगळा आहे. तो पुण्यात खरोखरच आहे. जुने वड, पिंपळ, उंबर, बंगल्यांच्या आवारातली झाडं, ढोलीला जागा, फळांची सोय. मग ती दाटी किती माणसांची आणि किती पाखरांची? विरळणी दोन्हींना एकाच कात्रीने कापते.

यावर मला सर्वांत पटणारा उपाय असा: धनेश ज्यांनी पाहिला, त्याच लोकांनी त्याच सवयीने पाहिलेले बाकीचे पक्षी पार्श्वभूमीला घे. 2009 मध्ये मॅक्सेन्टच्याच कर्त्यांपैकी स्टीव्हन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती नीट मांडून दाखवली. समजा शहरात सगळ्या पक्ष्यांच्या 4,000 नोंदी, त्यात धनेशाच्या 200. दूरच्या एका तालुक्यात सगळ्या मिळून 40, त्यात धनेशाच्या 2. नुसते धनेश मोजलेस तर शहर शंभरपट भारी. प्रमाण काढलंस तर दोन्हीकडे विसात एक. लोक जिथे बघत होते, त्यातल्या कुठे धनेश जास्त लागला, एवढाच प्रश्न मग उरतो, आणि तो योग्य प्रश्न आहे.

पण हा उपायही कुठे फसतो ते लक्षात ठेव. सगळे सगळ्यांची नोंद सारख्या उत्साहाने करत नाहीत. चापड्याचा फोटो प्रत्येक जण टाकतो, मातीतून निघालेल्या खापरखवल्या सापाचा फारच थोडे. धनेश मोठा, ओरडणारा, सुंदर. तो दिसला की फोन बाहेर येतोच. त्यामुळे सुट्या नोंदींपेक्षा पूर्ण याद्या मिळवता आल्या तर मिळव. पूर्ण यादीत धनेश नसेल तर तिथे त्या वेळी तो नजरेस आला नाही हे कळतं. मग मॅक्सेन्टची गरजही राहत नाही. किती याद्यांपैकी किती याद्यांत तो आला याचंच मॉडेल कर, आणि यादी किती मिनिटांची, किती वाजताची, किती अंतराची हेही त्यात घाल. दहा मिनिटांची यादी आणि तीन तासांची यादी एका तराजूत घालू नकोस.

तपासणी करताना नोंदी लॉटरीसारख्या वाटू नकोस. तसं केलंस तर शिकवायलाही पुणं आणि परीक्षेलाही पुणंच येतं. नकाशाचे मोठे तुकडे कर. पश्चिम घाट आणि देश यांवर शिकव, विदर्भावर परीक्षा घे. स्कोअर खाली येईल. आलेला आकडा जसाच्या तसा प्रबंधात लिही. परीक्षकांपैकी जाणकार असेल तो तुझ्या 0.94 पेक्षा त्या उतरलेल्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवेल.

आणि एक गोष्ट कुठल्याच सॉफ्टवेअरने होत नाही. ज्या प्रकारच्या जागेत एकही माणूस गेलेला नाही, तिथलं काही सांगता येत नाही. विरळणीने, पार्श्वभूमीने, कशानेही नाही. अशा भागावर नकाशात रंग भरू नकोस, राखाडी तिरप्या रेघा मार आणि खाली लिही, "इथे पाहणी नाही". माझ्या पहिल्या चापड्याच्या नकाशात अशा रेघा असत्या तर मामांना बोट ओढावं लागलं नसतं.

सवड असेल तर केरळचा पक्षी-अॅटलास कसा झाला ते वाच. 2015 ते 2020 या काळात तिथल्या स्वयंसेवकांनी अख्खं राज्य चौकटींत वाटलं, प्रत्येकीतला लहान तुकडा नशिबाने निवडला, आणि पावसाळ्यात एकदा, कोरड्या हंगामात एकदा असं तिथे जाऊन ठरलेल्या वेळाच्या याद्या केल्या. आवडीच्या जागेला त्यात वाव नव्हता. रबराच्या बागा, घरांच्या रांगा, जे वाट्याला येईल ते. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याने तरी हे करावं असं मला फार वाटतं. कोल्हापूरने सुरुवात केली तर मी चिठ्ठ्या काढायला येते.

प्रश्न : दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा टाकली तर शिकारी येतील अशी भीती वाटते. नाही टाकली तर नकाशा अपुरा. काय करावं? (रत्नागिरी)

भीती रास्त आहे. खवल्या मांजर, घुबडांची घरटी यांच्या बाबतीत तर जागा उघड टाकूच नका. पण नोंद दडपूही नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा झाकायची सोय आहे. तुम्ही नेमकी जागा देता, जगाला मात्र 0.2 अंशाच्या चौकटीत, म्हणजे साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात, कुठेतरी एक ठिपका दिसतो. ई-बर्डही संवेदनशील जातींच्या जागा लपवतं.

नकाशा करणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. झाकलेला ठिपका खरी जागा समजून वापरला तर खवल्या मांजर खाडीत किंवा बाजारपेठेत पडलेलं सापडतं. नोंदीसोबत अचूकतेचा रकाना असतो, तो आधी बघा.

प्रश्न : रानपिंगळा 113 वर्षं गायब होता आणि 1997 मध्ये सापडला असं वाचलं. एवढी वर्षं तो लोकांना दिसलाच नाही की कोणी बघितलंच नाही? (अकोला)

बघितलं, पण चुकीच्या जागी आणि फार थोडं. ही गोष्ट मला नेहमीच सांगावीशी वाटते.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पिंगळ्याचं वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले ह्यूम ते हेच. आधीच्या वर्षी आताच्या छत्तीसगडकडच्या भागात मिळालेला एक नमुना त्यांच्यापुढे होता. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने जमा केले. तिथली शेवटची खरी नोंद 1884 ची. एवढ्यावर पुस्तकं थांबली असती तर शोधणारे खानदेशात गेले असते.

पण मध्ये एक नमुना आला. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. त्यावर चिठ्ठी होती : 1914, मांडवी, तापीकाठ, म्हणजे आजचा सुरत जिल्हा. सगळ्यांत ताजी नोंद म्हटल्यावर तिच्यावर भिस्त जाणारच. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी 1990 च्या दशकात संग्रहालयांतले नमुने एकेक करून तपासले, तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला होता. डेव्हिडसनचाच पक्षी, पुन्हा भरलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेली. या एका चिठ्ठीने नकाशावर नसलेली जागा आणली आणि असलेली जागा मागे सारली. आपण आतापर्यंत माणसं कुठे गेली याच्यामुळे येणारा कल बघितला, हा त्याहून वाईट प्रकार. बेइमान नोंदीला कुठलंच गणित सुधारू शकत नाही, कोणीतरी मूळ वस्तू हातात घेऊनच बघावी लागते.

खोटी जागा वगळून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या जागा धरल्या. आधी पूर्वेकडे शोधलं, मग खानदेशात आले. 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा दिसला. भरदिवसा, उघड्या फांदीवर. तिथल्या आदिवासी बांधवांच्या डोक्यावरून तो आधी किती वेळा उडाला असेल. त्यांना विचारायला मात्र कोणी गेलं नव्हतं, आणि त्यांच्या माहितीला नकाशावर ठिपका मिळत नाही.

पुढचा भाग तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. 1997 नंतर अर्थातच सगळे सातपुड्यात शोधायला लागले. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशाची बाजू. तिथे तो मिळाला आणि "रानपिंगळा सातपुड्याचा" असं पक्कं झालं. कोणी आढळाचा नकाशा काढला असता तर त्यात सातपुडाच लाल आला असता, कारण शोध तिथेच चालला होता. आणि 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यात सापडला. शहापूरजवळ, मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या जंगलात! गुजरातेत डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातही मिळाला. नव्या जागा कळत गेल्या, आणि 2018 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आणलं. म्हणून तो सुरक्षित झाला असं समजू नका. सागाची जंगलं तुटतायत आणि त्याला ढोली असलेली जुनी झाडं लागतात.

तानसा आणि शहादा यांच्या मधला पट्टा डोळ्यांपुढे आणा: जव्हार, सुरगाणा, पेठ, साक्री, नवापूर. सागाची मोकळी जंगलं तिथेही आहेत. तुमच्यासारखे फिरणारे लोक हिवाळ्यात तिकडे जाणार असतील तर ओळखायच्या खुणा देते. गावातल्या ठिपकेदार पिंगळ्याहून हा थोडा दणकट दिसतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती एकसंध तपकिरी, शेपटीवर आणि पंखांवर रुंद पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, पंजे मोठे. गावपिंगळा दिवेलागणीनंतर कलकलाट करतो. हा सकाळी ऊन वर आल्यावरही पर्णहीन सागाच्या शेंड्यावर बसून ओरडतो. एका जागी अर्धा तास थांबा. फोटो काढा, आवाज ध्वनिमुद्रित करा, पण त्याला बोलावण्यासाठी फोनवर आवाज लावू नका. नाही दिसला तरी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठे थांबलात ते लिहून मला पाठवा. पेठ-सुरगाण्याच्या अशा रिकाम्या याद्या माझ्याकडे आज मोजून अकरा आहेत.